खांदे सैल, सूप हातात

लालबाग, १८ ऑगस्ट २०२५

चि. प्रितीस,
अ. उ. आ.

फोनवर बोलले की शेजारच्या खोलीतल्या थोरल्या जाऊबाई टीव्हीचा आवाज कमी करतात, म्हणून पत्र.

गौरी येताहेत. आमच्याकडे सुना वाणाने सूप भरून तिच्यापुढे धरतात, तिला ओवसतात, तू पाहिलंयस. माझा मयूर गेल्यानंतरची ही पहिलीच गौर. काल जाऊबाई म्हणाल्या, की तुझ्या सुनेने, दर्शनाने यंदा सूप धरायचं नाही, ते सवाष्णींचं काम. पोरगी आत भाजी चिरत होती. विळी थांबली. मला बोलायचं होतं गं, पण दातखिळी बसली. खांदे कानांशी, मुठी गच्च. त्यांच्यासमोर माझं हे असंच होतं. यंदा गप्प बसायचं नाही असं ठरवलंय. पण ठरवून आवाज फुटतो का?

चिडू नकोस माझ्यावर, आणि लवकर लिही.

तुझी,
मालनताई

गिरगाव, २१ ऑगस्ट

ती. मालनताईस,
सा. न. वि. वि.

शाळेत सिस्टर आपल्याला ताठ बसवायच्या, ते तू अजून सोडलेलं दिसत नाही! शाळा कधीच सुटली, ताई. खांदे खाली घे.

माझा जबडा दुखायचा तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शिकवलं ते सांगते. पाऊल आवळ, जरा थांब, एकदम सोड. मग पोटऱ्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी तोंड. दुखेल इतकं आवळायचं नाही. सोडल्यावर कसं वाटतं तिकडे लक्ष ठेव. रोज केलंस तर वेळेला अंगाला आपोआप आठवेल. तोंड आवळताना दार मात्र लाव. मी करताना यांना वाटलं मी भडकलेय, बिचाऱ्यांनी न सांगता चहा केला.

आणि दर्शनाला विचार, तिला ओवसायचं आहे का. आपणच भांडू आणि तिला नको असेल, तर?

यांच्या गुडघ्यामुळे मी येत नाही. लोभ तेवढा पाठवते.

तुझी,
प्रिती

लालबाग, ३ सप्टेंबर

चि. प्रितीस,
अ. उ. आ.

दर्शनाला विचारलं. म्हणाली, मीच विचारणार होते आई, पण तुम्ही आठवडाभर अशी तोंडं करताय की भीती वाटली.

पूजेला घर भरलेलं. तिने सूप उचललं तशा जाऊबाई आडव्या आल्या, म्हणाल्या, गौरीला हे चालायचं नाही. माझे खांदे निघाले वर. पदराखाली मुठी आवळल्या, सोडल्या. पुन्हा आवळल्या, सोडल्या. जबडा सुटला. म्हटलं, मयूर गेला, सून आहे अजून या घरात. गौर रागावली तर तिला माझं नाव सांगा. आवाज चढलाच नाही गं, भाजीवालीशी बोलते तसा साधा निघाला. यावर जाऊबाई म्हणाल्या, मग उद्या तूही ओवसशील!

हे गेल्यापासून मी सूप धरलं नव्हतं. कुणी अडवायच्या आत आपणच मागे जाऊन बसायचे. त्यांनी टोमणा मारला, पण मला तो पटला. दर्शनाने ओवसलं आणि तिच्या पाठोपाठ मी. उद्याची वाट कशाला बघायची?

त्या न जेवता गेल्या. मी डबा नेऊन दिला. आज सकाळी तो धुऊन परत आला, रिकामा. आमच्यात रिकामा डबा कुणी परत करत नाही. करू देत. पुढच्या वर्षीही आम्ही दोघी ओवसणार, हे मी त्यांच्या दारात उभी राहून सांगून आले.

गुडघ्याला जपायला सांग, आणि तुझी माया अशीच राहू दे.

तुझी,
मालनताई