झुकलं की पाऊल

सोमवार, १६ फेब्रुवारी

उभा राहिलो! फणसावरून पडलो त्याला दोन वर्षं झाली, कमरेखाली काही कळत नाही — आणि आज मिरजोळे एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये पाच मिनिटं सरळ उभा! पायांना बाहेरून ॲल्युमिनियमचे पाय बांधले, गुडघ्यांत मोटारी, पाठीवर बॅटरी. नम्रता म्हणते, "अहो, तुम्ही एवढे उंच होतात?" बायको आहे की कोण!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

अकरा पावलं! यंत्र बनवणारा विनीत पोरगेला आहे, पण डोकं तल्लख. अंग पुढे झुकलं की यंत्र पाऊल टाकतं, सरळ झालं की थांबतं. तोल सांभाळायला हातात कुबड्या. उजव्या बाजूचा एक बोल्ट कुरकुरत होता, मी नुसत्या आवाजावरून सांगितला. अठरा वर्षं याच एमआयडीसीत फिटर होतो म्हटलं!

मंगळवार, २४

चाचणी शिमग्यापर्यंतच. मग यंत्र दुसऱ्या पेशंटला. विनीतला सांगून टाकलं — ग्रामदेवतेची पालखी दारात येईल तेव्हा मला उभं राहायचंय. वीस वर्षं खांद्यावर नाचवली, आणि गेले दोन शिमगे खुर्चीतून बघितली. लाज वाटते. "बघू," म्हणाला. बघू काय? हो म्हण की!

बुधवार

हो म्हणाला!!

शुक्रवार, ६ मार्च

अंगणात मी उभा, विनीत मागून पट्टा धरून. पालखी समोर आली — आणि मी काय करावं? कुबड्या टाकल्या, हात जोडले, वाकलो! जन्माची सवय. यंत्राला वाटलं चालायचंय. एक पाऊल, दोन, तीन — थेट पालखीवर! विनीत ओरडतोय, "काका, सरळ व्हा!" मी पालखीचा दांडा गच्च धरला. पुढे खांद्याला आप्पा, पालखी नाचवतानाचा माझा जुना जोडीदार. तो म्हणतो कसा, "धरलंस ना मेल्या, आता खांदा लाव!"

लावला! ढोल थांबलेच नाहीत. सात पावलं पालखीखाली चाललो. सगळ्यांदेखत रडलो.

विनीत मात्र पांढराफटक. यंत्र सोडवलं, गाडीत घातलं, निघून गेला.

शनिवार

फोन उचलत नाही. पोराच्या मेहनतीची माती केली मी. गाढव आहे नुसता.

रविवार, ८ मार्च

विनीतचा फोन आला. पालखीच्या वेळी कुणीतरी काढलेला व्हिडिओ दोन दिवस बघत होता म्हणे. "काका, माणूस नमस्काराला वाकणार, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अजून काय काय राहिलंय ते शोधायला माणूस हवाय. पेशंट नको — फिटर. उद्यापासून येताय?"

नम्रताला सांगितलं, सकाळी डबा भर.