दोऱ्याने मोजलेली कराची

मास्तरसाहेब, तुमचा दोरा खरा निघाला. काल नातीने फोनवर औरंगाबाद ते कराची अंतर काढलं, सरळ रेघेत हजार किलोमीटरच्या जरा वर. पंचाहत्तर वर्षांपूर्वी जुगराफियाच्या, म्हणजे भूगोलाच्या, पुस्तकातल्या नकाशावर दोरा ताणून मी काढलं होतं सव्वासहाशे मैल. म्हणजे तेवढंच. सरळ विमान असतं तर दीड-दोन तास लागले असते, नात म्हणाली. ते नाही, म्हणून दुबईला वळसा घालून अख्खा दिवस.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वर्ष होत आलेलं. आमच्या ओसरीत सतरंजीवर तुम्ही बसलाय, समोर मी, तेरा वर्षांची. शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, पण वडिलांची अट जुनीच. मास्तर घरी येऊन शिकवताहेत तोवर मुलीने शिकावं, मॅट्रिकला बसावं. तुम्ही म्हणता, "बेटी, आज औरंगाबाद से कराची निकालो. धागा ढीला नक्को छोडो." मी उत्तर काढते. तुम्ही "शाबास" म्हणता आणि उगीचच बराच वेळ नकाशा बघत राहता.

चार दिवसांनी तुमच्या घराला कुलूप. मुंबईहून बोटीने गेलात म्हणे, बायकोमुलांसकट. घाबरून गेलात याची तक्रार नाही; तेव्हा तुमच्या मोहल्ल्यात कोण घाबरलं नव्हतं? पण तुमचं जाणं माझ्याच हातून मोजून घेतलंत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत. केसाने गळा कापलात माझा. वडील म्हणाले, "मास्तरच गेले, आता बास कर. लई शिकलीस." मॅट्रिक राहिली ती राहिलीच. दोन वर्षांत लग्न होऊन फुलंब्रीला गेले. तिथं पोरांच्या पुस्तकातले नकाशेसुद्धा मी कधी उघडले नाहीत. पुढे औरंगाबादला शहागंजात तुमचा भाचा भेटला, तुम्ही तिकडेच वारल्याचं त्याने सांगितलं. मला रडू आलं नाही, रागच आला.

शिकवून उठताना तुम्ही नेहमी "जातो" म्हणायचात. आई आतून ओरडायची, "जातो म्हनू नाय मास्तर, येतो म्हनावं!" तुम्ही हसायचात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "जातो". पण "जातो" म्हणून रोज न चुकता यायचात. शेवटच्या दिवशी मात्र उंबऱ्यापाशी थांबलात, आईकडे बघितलंत आणि नीट म्हणालात, "येतो."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घडी करून उशीखाली ठेवते. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही. शेवटी एकदाची मास्तरांना मराठी आली म्हणून त्या "येतो"वर मी टाळ्या वाजवल्या होत्या.