कारभारींच्या ओळीतलं ‘कै.’

काष्टी, गुरुवार

चि. संस्कृतीस,

सहादेवमामाचे पोटभर आशीर्वाद. तू आणि आक्का बऱ्या असाल. इकडे माझे गुडघे सोडून सगळं ठीक. मामीही ठणठणीत आहे, फक्त सोमवारपासून माझ्याशी बोलत नाही. त्याकडे येतोच.

आधी तुझं कौतुक. भांड्यांवर नावं घालण्यात माझी तीस वर्षं गेली, पण ‘पुष्पावती’ लिहायला घेतलं की ‘पु’ वांग्याएवढा आणि ‘ती’ मोहरीएवढी, हे काही सुटलं नाही. (गिऱ्हाईक सोसायचं, गावात दुसरा कोणी नव्हता.) मग मशीन घेतलं, तर जागा संपली की ते शब्दाचा मधेच मुडदा पाडायचं. तू पुण्यात बसून त्याच्यासाठी ती ओळी मोडणारी लायब्ररी (पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरच्या प्रोग्रामची) लिहिलीस आणि कमाल झाली! भांड्याची रुंदी सांगायची, बास. तोच मजकूर परातीवर एका ओळीत, वाटीवर तीन ओळींत. मावला नाही तर अख्खा शब्द उचलून खाली नेते, एका वेलांटीला धक्का नाही. बाजाराच्या दिवशी लोक दुकानापुढे उभे राहून नुसते बघतात, आणि मी न विचारता सांगतो की हे माझ्या भाचीचं काम.

आता एक झालं. कारभारीअण्णांनी आईच्या वर्षश्राद्धासाठी एकावन्न वाट्या दिल्या. मजकूर, ‘कारभारी यांजकडून कै. पुष्पावती यांच्या स्मरणार्थ’. पहिल्या ओळीत थोडी जागा उरली, लायब्ररीनं तिथं ‘कै.’ बसवलं आणि आई खाली गेली. (दोष लायब्ररीचा नाही. पहिली वाटी न बघता मीच रुबाबात एकावन्न सोडल्या.) अण्णा वाटी नाचवत आले. “आरं सहादेवा, मी जित्ता हाय की! ह्या वाटीत लोकं माज्याच नावाची खीर खात्याल!” तेव्हा ‘कै.’ला त्याच्या माणसाशी बांधून ठेवता येतं का, बघ.

तुझा,
सहादेवमामा

ता. क. आता मामीचं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी तिला तांब्या केला, ‘सहादेव व चांगुणा’. ओळ माझ्यापाशीच मोडली, ती खाली गेली. तांब्या फिरवून म्हणाली, “चाळीस वरसं तुमी म्होरं आन् मी मागनं. मशीनलाबी त्येच शिकिवलं व्हय?” तेव्हापासून पाणी दुसऱ्या तांब्यातून पिते. म्हणून ‘कै.’चं राहू दे, अण्णा जिवंत आहेत, दम धरतील. आधी आमची दोन नावं अशी बांध की भांडं कितीही अरुंद असो, ओळ मधे मोडायची नाही.

ता. ता. क. जागा पुरली नाही तर अक्षरं बारीक करू नकोस, तिला चष्म्यातूनही दिसत नाहीत. माझं नाव गाळ.