वजनात बसले

३ डिसेंबर, सांगली
पहाटे तालमीत वजन घेतलं. जास्तच. माझ्या वजनगटात कोमल आहे, माझी रूममेट. तिला पाडणं जमत नाही, म्हणून सर म्हणतात खालच्या गटात लढ. मेसमध्ये भाकरी मोडली, तशीच ठेवली. वरण प्यायले.

७ डिसें.
सरावात डोळ्यांपुढं अंधारी. कोमलनं धरून बसवलं. सरांना सांगते म्हणाली. नको म्हटलं. तिच्या ताटातला भात बघवत नव्हता, नजर हलतही नव्हती.

१२ डिसें.
आईचा फोन. पाळीचं विचारलं. आली म्हणून सांगितलं. गणपतीपासून आलेली नाही. मागून आप्पा, "मेडल आणायचंय म्हणावं." फौजेतून आल्यापासून त्यांना हाच एक नाद.

१८ डिसें., सातारा
स्पर्धा. वजनात बसले. सरांनी पाठ थोपटली. पहिल्याच कुस्तीत चीत. पायांत जीवच नव्हता. आप्पा बघायला आले होते. कराडला घरी जाताना वाटेत मिसळ मागवली. आता अडवणारं कुणी नाही, तरी दुसरा घास उतरेना.

२२ डिसें., घर
अर्धी भाकरी गुपचूप म्हशीला टाकली. आईनं बघितलं. रागावली नाही. "तू न खाल्लेलं बी दिसतंय मला." मग पाळीचं खरं सांगितलं. ती चुलीपाशीच बसून राहिली. नंतर आप्पांना सांगितलं असणार. ते उसाकडं गेले, दिवेलागणीला आले.

२६ डिसें., सांगली
डॉक्टरबाईंनी आप्पांना बाहेर बसवलं. मी म्हटलं, भूक लागते, पण खाल्लं की हरल्यासारखं वाटतं. पहिल्यांदाच कुणापुढं बोलले. रडू आलं नाही, नुसती दमले. त्या म्हणाल्या हा आजार आहे, हट्ट नव्हे. सराव बंद. दर आठवड्याला समुपदेशनाला यायचं.
येताना तालमीतून बॅग घेतली. सर म्हणाले, महिन्याभरात परत धाडा.
आप्पा म्हणाले, "बघू."

३० डिसें., घर
आप्पा हल्ली माझ्याबरोबर जेवायला बसतात. माझं होईपर्यंत उठत नाहीत. सकाळी चतकोर भाकरी गेली, कशीबशी. दिवसभर तीच डोक्यात.
कोमलचा मेसेज. पुढच्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली. खालच्या गटात अजून जागा आहे, सर विचारतायत. आप्पांना दाखवला नाही. उत्तरही दिलं नाही.
आई जेवायला हाक मारतेय.