ग्राहक : केलेबोन्ये मावशी

३ जून

डिझाइनचा प्रकल्प मिळाला एकदाचा. शोभेची साठवणपेटी! म्हणजे घरात ठेवायला काही नसलं तरी ठेवायची सोय हवी.

मोगापी सरांनी फळ्यावर पायऱ्या लिहिल्या — परिस्थिती, ग्राहकाची मुलाखत, पाच कल्पना, त्यातली एक निवडणं, मग पेटी, मग ग्राहकाचं मत. आधी पेटी ठोकायची आणि बाकीचं मागाहून वहीत लिहून काढायचं, हे अख्ख्या शाळेला माहीत आहे. सरांनाही. पण चेहरा असा, की आम्ही उद्यापासून विचार करायला लागणार!

परिस्थिती, म्हणजे पेटी का हवी ते, तिथेच लिहून वाचून दाखवा म्हणाले. एकतीस पोरं. सव्वीस जणांच्या आज्यांचे दागिने घरभर पसरलेत. कान्ये गावात एवढं सोनं आहे हे चोरांना कसं कळलं नाही अजून?

"यंदा ग्राहक खरा पाहिजे," सर म्हणाले. "जिवंत पाहिजे. आणि सही त्याचीच पाहिजे." गेल्या वर्षी मोथुसीच्या आजीनं पेटीवर दीड पान मत दिलं होतं. आजी जाऊन चार वर्षं झालेली. सर स्वतः तिच्या मातीला गेले होते!

हसू आलं, पण पेटीला निम्मे मार्क आहेत. मार्क नाहीत तर गाबोरोनीचं कॉलेज नाही, आणि मग मी इमारतींचे नकाशे काढायचे ते वाळूत.

४ जून

ग्राहक सापडला. मावशी. आई फ्रान्सिसटाउनला नोकरीला, म्हणून मी इथे हिच्याकडे. घरात नाही म्हणता न येणारी तीच एक.

७ जून

मुलाखत घेतली. मला वाटलं होतं ती शाळेच्या फाटकावर विकायचे गोड वडे तळत असताना विचारून घेईन, दोन मिनिटांचं काम. तर बाईसाहेबांनी कढई उतरवली! हात धुतले. खुर्ची आणली. डोक्याचा रुमाल सारखा केला.

"तुम्हाला कशा प्रकारच्या साठवणीची गरज आहे?" मी वहीतलं वाचलं.

"मला?"

"मग कुणाला, बकरीला?"

तिनं हातांनी हवेत माप दाखवलं — एवढी लांब, एवढी रुंद. "घडी घातलेलं ब्लँकेट मावलं पाहिजे. चौकड्यांचं."

चौकड्यांचं! म्हणजे लग्न झालेल्या बायका समारंभाला खांद्यावरून पिनेनं लावतात ते. मी म्हटलं, "मावशे, तुझ्याकडे कुठाय ते? नवरा आधी लागतो, ब्लँकेट नंतर!"

"पेटी आधी असली तर काय बिघडलं?" ती म्हणाली आणि हसली. मीही हसले. अडतीस वर्षांची बाई आणि स्वप्नं बघा.

वहीत लिहिलं — "माझ्या मावशीचे दागिने इकडेतिकडे पसरतात." ब्लँकेट मावेल एवढी पेटी करायला शाळेत लाकूड कुठाय? शिवाय मोठ्या पेटीला मोठी फट पडते आणि फटीला मार्क जातात.

१५ जून

चार कल्पना नाकारल्या! त्या नाकारण्यासाठीच काढल्या होत्या म्हणा. सर म्हणतात, नाकारलेल्या कल्पनासुद्धा सुबक हव्यात. पण फार सुबक काढली तर विचारतात, मग ही का नाकारलीस? म्हणजे बेतानं वाईट काढायची. हे खरं कौशल्य, आणि याला मार्क नाहीत.

कल्पना क्रमांक दोन हृदयाच्या आकाराची होती. नाकारायचं कारण — "ग्राहकाला कोपरे आवडतात."

२८ जून

शाळेत आलेल्या फळ्या केळ्यासारख्या वाकलेल्या. सर म्हणाले, वापरा. वर्ग म्हणाला, बरं.

पण आपलं नशीब! शनिवार म्हणजे तिरोचा दिवस. तिरो बोअरवेलचे पंप दुरुस्त करतो. विधुर, टकलू, पुढचा एक दात गायब. आमचा पंप तो दर शनिवारी तपासतो. पंपाला काहीही झालेलं नाही. गेली तीन वर्षं काहीही झालेलं नाही! त्या पंपाएवढी काळजी इथल्या दवाखान्यात माणसाची घेत नाहीत. मावशी त्याला चहा देते, तो पंपाशी बोलल्यासारखं मावशीशी बोलतो आणि जातो. ही आज-उद्या तिरोची बायको होणार की नाही, यावर गल्लीतल्या बायकांचं निम्मं आयुष्य चाललंय.

आज त्यानं कुठल्याशा मोडक्या दाराच्या फळ्या आणल्या. मुकवाचं लाकूड! लाल, जड, सरळ. "तुझ्या मावशीच्या पेटीला म्हणून," म्हणाला, आणि कानापर्यंत लाजला. टकलू माणूस लाजला की लाजणं लपायला जागाच नसते.

फळ्या खूप होत्या. ब्लँकेटची पेटी झाली असती. पण वहीत माप आधीच लिहून झालंय, शाईनं. उरलेल्या फळ्या वर्गातल्या बाकांगला दिल्या, बदल्यात त्यानं माझ्या बिजागऱ्या बसवून द्यायच्या.

११ जुलै

सर शिकवतात ती रीत अशी — पेटी सगळ्या बाजूंनी बंद करून चिकटवायची, आणि मग करवतीनं वरचा भाग कापून झाकण काढायचं. म्हणजे झाकण तंतोतंत बसतं.

काल चिकटवली. आज वर्गात बोंबाबोंब — सरांचा गुण्या गायब! काटकोन तपासायचा, त्यांच्या स्वतःच्या पैशांचा, पितळी. दप्तरं उलटी केली. बाकांगच्या तर बुटातही बघितलं. मी पण शोधत होते अगदी मनापासून. मग माझी पेटी उचलून बाजूला ठेवायला गेले आणि आतून — खडखड!

सर जवळ आले. पेटी कानाशी धरून हलवली. "गोराता," म्हणाले, "तुझ्या मावशीचे दागिने आत्ताच आले वाटतं."

सगळ्यांसमोर कापावी लागली. झाकण सुटलं सरळ! गुण्या लावून बघितला. काटकोन चोख. सरांनी गुण्या पुसून खिशात घातला, म्हणजे खूश.

१९ जुलै

शेजारच्या नेओचं लग्न. चौकड्यांच्या ब्लँकेटांची नुसती रांग! उन्हात घाम गाळतील, पण ब्लँकेट काढणार नाहीत. ते काढलं तर त्यांचं लग्न झालंय हे कुणाला कळणार?

आम्ही पोरी मागे बीट सोलायला. आमच्यात मावशी. कोपरापर्यंत लाल हात, आणि बाजूला पंधरा-पंधरा वर्षांच्या पोरी फोनमध्ये. मध्ये ती पुढे पाणी द्यायला गेली तर एक म्हातारी म्हणाली, "केलेबोन्ये, इथे नको गं, तिकडे मुलींत बस." त्या म्हातारीचा नवरा वीस वर्षांपूर्वी खाणीत कामाला गेला तो परत आलाच नाही. पण ब्लँकेट आहे ना खांद्यावर!

मला राग आला. मावशीला नाही आला. ती येऊन बसली आणि म्हणाली, "बीट संपत आलंय का? भोपळे आणू?"

९ ऑगस्ट

आज पहाटे तीन म्हातारे फाटकात. कोट, टोप्या, हातात काठ्या, तोंडातून वाफा. तिरोचे काका! पाण्याचा भोपळा मागायला आले म्हणे. आपल्याकडे मुलगी कधी सरळ मागायची नाही, भोपळा मागायचा. नाहीतर पाणीच हवं असतं तर नळ फाटकाबाहेर आहे, तिथे रांग नव्हती!

आजोबा गेल्यापासून घरात शब्द मामाचा. मामानं स्वतः लग्न केलं नाही, गाई केल्या. तो त्या तिघांना झाडाखाली घेऊन बसला. मावशीनं आंबील नेऊन दिली, खाली बघत. मी आत प्रकल्पवहीत "पृष्ठभागाची सजावट" लिहीत होते, कान बाहेर. पण मामा बायकांची बोलणी करताना पुटपुटतो आणि गाईंची बोलणी करताना ओरडतो, त्यामुळे काही कळलं नाही. अर्ध्या तासात म्हातारे उठले. आंबील संपवून गेले, तेवढं बरं केलं.

बाकांगची आजी सांगत होती की हे दुसऱ्यांदा आले. दोन वर्षांपूर्वीही येऊन गेले म्हणे! मला पत्ताच नाही.

दुपारी मी मामाला विचारलं, "काय झालं?"

"वेळ आली की बघू."

"वेळ कधी येणार?"

"तू अभ्यास कर."

मामा अगदी सरांसारखा — दुरुस्त करून पुन्हा आणा. कारण सांगायचं नाही.

मावशी भांडी घासत होती. तेच पातेलं दोनदा घासलं तिनं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — आत कुठेतरी हायसंही वाटलं. आत्ता तिचं लग्न निघालं असतं तर सप्टेंबरात सही कुणाची घेणार होते मी?

१६ ऑगस्ट

शनिवार. पंप कुणी तपासला नाही.

२ सप्टेंबर

सजावट पूर्ण! टोपल्यांवर विणतात ती कासवाच्या गुडघ्यांची नक्षी, तापलेल्या सळईनं डागून चारही बाजूंनी. बोटं भाजली, तीन. सर म्हणाले, "ही नक्षी का निवडलीस?" मी म्हटलं, "आपल्या परंपरेचं जतन." खरं कारण — सरळ रेघा आहेत, गोल काढता येत नाहीत मला. सरांनी मान डोलावली. परंपरा म्हटलं की कुणीही मान डोलावतं.

१० सप्टेंबर

ग्राहकाची चाचणी. पेटी मावशीपुढे ठेवली. तिनं हात पुसून आधी झाकणावरून फिरवला, मग आत बघितलं. "किती सुंदर गं! माझ्या हातून तर मोडेलच."

"काहीतरी ठेव आत. फोटो काढायचाय."

ठेवायला काही नव्हतं. शेवटी सुईदोरा, ओळखपत्र आणि कानातल्यांचा एक जोड — त्यातलं एक आईचं, उसनं. फोटो काढला. पेटी रिकामीच दिसत होती, म्हणून खाली रुमाल घातला.

मग प्रश्न. "या वस्तूनं तुमची गरज पूर्ण झाली का?"

"कुठली गरज लिहिलीयेस?"

वाचून दाखवलं. दागिने इकडेतिकडे पसरतात. मावशी हसायला लागली ती थांबेचना. डोक्याच्या रुमालाला डोळे पुसले, पुन्हा हसली. "लिही, झाली पूर्ण," म्हणाली आणि सही केली, प्रत्येक अक्षर वेगळं. सुधारणा सुचवा, या रकान्यात मात्र स्वतःच्या हातानं लिहिलं — "थोडी मोठी हवी होती."

ग्राहक नाराज म्हणजे पाच मार्क गेले! मी ते पांढऱ्या शाईनं मिटवून वर लिहिलं — "काहीही नाही." तिच्यासमोरच. तिनं बघितलं आणि म्हणाली, "हो, तसंच बरं. जेवून घे आता."

जेवण गेलं नाही फारसं. मग वॉर्निशवर बोटांचे ठसे उठलेत का ते बघायला गेले.

१९ सप्टेंबर

शंभरपैकी ब्याण्णव! वर्गात पहिली! बाकांगनं मी दिलेल्या फळ्यांची कोंबड्यांची खुराडी केली, त्याला एकोणपन्नास. मोथुसीच्या धाकट्या भावाचा ग्राहक जिवंत निघाला, पण पेटी मेली.

सरांनी माझी वही सगळ्यांना दाखवली. "ग्राहकाची गरज ओळखणे — वीसपैकी वीस," मोठ्यानं वाचलं. "शिका जरा!" मी मान खाली घातली, नम्रपणे. मामानं कोंबडं कापलं. रांधलं मावशीनं. मांडीचा तुकडा माझ्याच ताटात.

२७ सप्टेंबर

आई फ्रान्सिसटाउनहून आलीय, महिनाअखेरीची सुट्टी. तिरोचं लग्न ठरलं म्हणाली. मोशुपा गावची कुणी बाई आहे. "वाट तरी किती बघणार तो? दोन्ही वेळा तुझ्या मामाचं उत्तर एकच — गोराताची शाळा चालू आहे, तिला करून कोण घालणार?"

दोन्ही वेळा! मी विचारलं, मावशीला हे माहीत होतं? आई म्हणाली, ती तिथेच उभी होती की, आंबील वाढत.

मला स्वयंपाक येतो. फ्रान्सिसटाउनला आई ड्यूटीवर असायची तेव्हा दोन वर्षं मीच करत होते. इथे आल्यावर ते कुणाला सांगितलं नाही. आयतं मिळत होतं.