पहिल्यापासूनच बारीक

प्रिय ताई,

तू गेल्यापासून तुला लिहावंसं कितीदा वाटलं. पण लिहू काय? घरी सगळं ठीक आहे असं लिहिलं असतं, तर तुला पटलं नसतं. आज मात्र लिहायलाच हवं. प्राचीबद्दल आहे.

रविवारी वरोरला दिनूदादाच्या मुलीची हळद होती. मी प्राचीला आग्रह करून घेऊन गेले. ठरलं होतं तसं ती डहाणूला माझ्याकडे राहून कॉलेज करते, अभ्यासही बरा चाललाय. पण ती कुठल्याही कार्याला येत नाही. दर वेळी काहीतरी निघतं, कधी परीक्षा, कधी डोकं दुखतंय. या वेळी मी ऐकलं नाही.

दुपारी मांडवात तिला घेरी आली. मी तिला आतल्या खोलीत नेलं, पंख्याखाली आडवं केलं आणि कपडे सैल करायला गेले, तर पिवळ्या ड्रेसखाली एकावर एक दोन लेगिंग आणि वर जाडा बनियन. मे महिन्यात! घामानं सगळं अंगाला चिकटलं होतं. मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात धरला.

"मावशी, कोणाला सांगू नको."

ताई, हे तिला कोणी शिकवलं? तू शिकवलं नसणार. तू साडीखाली दोन परकर नेसायचीस ते तिनं पाहिलं असेल का? की बारीक पोरीला हे आपोआपच सुचतं?

तुझं काय काय आठवलं मग मला. बांबूवर बोंबील वाळत घातलेले असायचे, आणि पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून तुला हाक मारायची. पुढे पुढे मोठी माणसंसुद्धा तुला बोंबील म्हणायला लागली. किनाऱ्यावरून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन तू माझ्यापुढे निघून जायचीस, मी मागून धापा टाकत यायचे. ते कोणाला दिसत नव्हतं का गं? तुझ्या अंगात ताकद होती, फक्त मांस नव्हतं. आपले बाबा असेच होते. पण त्यांना काटक म्हणायचे.

आईचे हाल वेगळेच. ती डहाणूच्या बाजारात मासळी घेऊन बसायची आणि शेजारची बाई तिला रोज म्हणायची, सगळं म्हावरं विकतेस, पोरीला काय ठेवतेस? आई हसायची. घरी आली की सरंग्याची मोठी तुकडी तुझ्या ताटात वाढायची आणि तू ती खाईपर्यंत समोरून हलायची नाही. मेथीचे लाडू झाले, टॉनिक झालं, जंताचं औषध झालं. डॉक्टर सांगायचे, मुलगी चांगली आहे, हिची ठेवणच अशी आहे. आईला ते पटायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाईपर्यंत.

तू सगळं खायचीस. पोट भरलं म्हणायची तुला मुभाच नव्हती. मग मागच्या दाराला जाऊन ओकायचीस, तोंड धुऊन परत यायचीस. आईला वाईट वाटू नये म्हणून.

तुला बघायला आलेली ती पालघरची माणसं आठवतात? मुलाच्या आईनं तुझं मनगट दोन बोटांत धरून नवऱ्याला दाखवलं होतं. बाजारात भेंडी मोडून बघतात तसं. तू खाली मान घालून बसलीस. मी दाराआडून बघत होते आणि मला वाटत होतं, ताई आता हात ओढून घेईल. तू घेतला नाहीस.

मग भाऊजी आले. तलासरीच्या शाळेत क्लार्क, साधा माणूस. त्यांनी तुला फक्त विचारलं की शिवणकाम करायला आवडतं का. तू त्या एका प्रश्नावर होकार दिलास, असं मला नंतर सांगितलंस. मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

सासरी गेलीस आणि बोलणं तिथेही आलंच. पहिले काही महिने शेजारणी म्हणायच्या, माहेरी जेवायला नव्हतं वाटतं. म्हणजे आईचा अपमान. वर्षभरानं त्याच म्हणायला लागल्या, सासू पोटाला घालत नाही वाटतं. म्हणजे सासूबाईंचा. तुझ्या अंगावरून दोन घरांना बोल लागत होते, आणि दोन्ही घरं तुझ्याच ताटात वाढत होती.

परकरांचं मला कळलं ते प्राचीच्या बारशाला. तुझी साडी सारखी करत होते तर हाताला जाड लागलं. तू म्हणालीस, अशी साडी चांगली बसते. लांब बाह्यांचे ब्लाउजही त्यासाठीच होते ना? तू स्वतःसाठी शिवायचीस त्यातला एकही ब्लाउज कोपराच्या वर नव्हता. आणि खरंच, त्या दिवशी दोन-तीन बायका म्हणाल्या, बाळंतपण मानवलं हो. तू इतकी खूश झालीस! पाळण्याचं गाणं तूच सगळ्यात मोठ्यानं म्हटलंस.

तुझ्या त्या मशीनच्या खोलीत मी कितीतरी दुपारी बसलेय. अख्ख्या तलासरीच्या बायका तुझ्याकडे ब्लाउज टाकायच्या. तू माप घ्यायचीस आणि कागदावर लिहायचीस, कधी मोठ्यानं बोलायची नाहीस. एकदा एक आई लग्नाच्या मुलीला घेऊन आली होती. मुलगी अंगानं चांगली भरलेली. आई सगळ्यांदेखत म्हणाली, हिला कापड जास्तच लागेल. मुलीचा चेहरा उतरला. तू कापड उलगडून बघितलंस आणि म्हणालीस, "पुरतंय." एवढंच. आणि तुला? तुला माप देता देता बायका काय वाटेल ते बोलायच्या. उंबरगावहून एक गुजराती बाई यायच्या, त्या तर दर खेपेला, बेन, तू तो सुकाई गई, अशीच सुरुवात करायच्या. तू तोंडात टाचण्या धरून हसायचीस.

मी विचारलं होतं तुला, राग येत नाही का म्हणून. तू म्हणालीस, "प्रेमानं बोलतात गं. प्रेमाला काय उत्तर देणार?"

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर तुझं जेवण कमी झालं. पोटात जळजळ, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं. हे आता कळतंय, भाऊजींशी बोलून, तुकडे जुळवून. तेव्हा तू कोणालाच सांगितलं नाहीस. का नाही सांगितलंस, ताई? निदान मला? जेवण जात नाही म्हटलं असतंस तर सगळे म्हणाले असते, बघ, आम्ही सांगत होतो. तेच नको होतं ना तुला?

तू गेल्यावर तुझं कपाट आवरताना मी तुझे ब्लाउज हातात घेतले. कुशीत शिलाईच्या आत शिलाई, तिच्या आत आणखी एक. जसजशी वाळत गेलीस तसतशी तू आपले ब्लाउज आत घेत गेलीस. सैल कपडा कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून. तुझा हात इतका सफाईदार की बाहेरून कोणाला कळणार? दिवाळीला तू वरोरला आलीस तेव्हा आई म्हणाली होती, ताई आता जरा बरी दिसते. मलाही तसंच वाटलं. परकर दोन होते की तीन, कोण जाणे.

मग रक्ताची उलटी झाली तेव्हा तुला वापीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी भाऊजींना विचारलं, वजन कधीपासून उतरतंय?

भाऊजी म्हणाले, "ती पहिल्यापासूनच बारीक आहे."

"पहिल्यापासून म्हणजे? आधी किती होतं?"

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे. कोणालाच सांगता येईना. जन्मभर ज्या अंगाबद्दल आम्ही सगळे बोललो, ते अंग किती भरतं हे एकालाही माहीत नव्हतं. पोटातली गाठ तोवर फार पसरली होती.

वॉर्डात बघायला येणारे पलंगाशी उभे राहून म्हणायचे, काय गं ही दशा, अगदी हाडं राहिली. तुला बोलायचं त्राण नसायचं. फक्त एकदा शेवंताआत्याला म्हणालीस, "आता बोला आत्या. आता खरं आहे." आत्या पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मला तुझा तो आवाज अजून ऐकू येतो. त्यात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागतं. एकदा तरी रागवायचं होतंस.

दिवसांना माणसं जमली तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. बिचारी पहिल्यापासूनच बारीक. अंगात काही नव्हतंच, किती तग धरणार? प्राची पाण्याचे तांबे भरून देत होती. ती हे सगळं ऐकत होती.

आता पुन्हा रविवारचं सांगते. प्राची पंख्याखाली पडलेली आणि शेवंताआत्या सरबत घेऊन आली. आत्या वाईट नाही, तुला माहीतच आहे. तुझ्यासाठी तिनं नवस बोलले होते. तिनं प्राचीच्या दंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगदी आईवर गेलीस गो. खात जा, नाहीतर..."

पुढचं तिनं गिळलं. पण प्राचीनं डोळे मिटून घेतले.

मी काही मोठी बोलणारी नाही. पण त्या वेळी बोलले. म्हटलं, "आत्या, ताई बारीक होती म्हणून नाही गेली. तिला कॅन्सर होता. आणि तो आपल्याला दिसला नाही, कारण ती बारीक आहे हे आपण रोज म्हणत होतो."

बाहेर मांडवात बायका हसत होत्या, कोणीतरी हळदीचं ताट मागत होतं. आत्या म्हणाली, आम्ही मायेनं बोलतो गो, आम्हाला दुसरं बोलता कुठे येतं? तिचे डोळे भरले होते. तिनं सरबताचा ग्लास प्राचीच्या उशाशी ठेवला आणि गेली.

संध्याकाळी हळद अर्धी टाकून आम्ही निघालो. एसटीच्या थांब्यावर दोघीच होतो. समोर समुद्र ओसरलेला, चिखलात होड्या कलंडलेल्या. प्राची बराच वेळ चपलेनं वाळू उकरत होती. मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मावशी, आई खरंच कॅन्सरनं गेली?"

मला आधी कळेचना ती काय विचारतेय. मी म्हटलं, अगं, तुला माहीत नाही का? ती म्हणाली, "सगळे म्हणत होते बारीक होती म्हणून गेली. पप्पांना विचारलं की ते उठून जातात. मला वाटलं, बारीक माणसं अशीच जातात. मग मी पण."

ताई, हे पोर हे पोटात घेऊन हिंडत होतं! मला वाटत होतं, ती लोकांना लाजते. ती मरणाला भीत होती. तू गेल्यापासून रोज आरशासमोर उभी राहून ती स्वतःला तपासत होती. अंगावर कपडे चढवले की आपण जगू असं वाटायचं म्हणे तिला. कॉलेजच्या मुली चेष्टेनं काडी म्हणायच्या, आणि त्यांना कल्पनाही नव्हती की या शब्दाचा तिच्या मनात काय अर्थ होतो.

मी तिला तिथेच सगळं सांगितलं. गाठ कुठे होती, कशी वाढली, डॉक्टर काय म्हणाले, तू काय काय लपवलंस तेही. लपवलेलं सांगताना वाटलं, तुला आवडणार नाही. पण सांगितलं. एसटी आली आणि गेली, आम्ही चढलो नाही. तुझ्या दिवसांना न रडलेली पोर त्या थांब्यावर रडली. दुसरी गाडी येईपर्यंत रडत होती.

बुधवारी तिला डहाणूत डॉक्टरांकडे नेलं. आईला काय झालं होतं ते आधी सांगितलं. त्यांनी नीट तपासलं, रक्त बघितलं. रक्त थोडं कमी आहे, त्याच्या गोळ्या दिल्या. बाकी मुलगी चांगली आहे म्हणाले. प्राचीनं विचारलं, "म्हणजे मी अशीच बारीक राहिले तरी चालेल?" ते म्हणाले, चालेल, पण पोट दुखलं, जेवण जाईना, तर लगेच यायचं, लपवायचं नाही.

तिची भीती गेली असं मी तुला लिहिणार नाही. लग्नाला आली नाही. काल पुन्हा आरशासमोर उभी दिसली. पण संध्याकाळी वरण जास्त झालं म्हणून तिनं ताट बाजूला सारलं आणि "मला बस झालं" म्हणाली. माझा हात आग्रहाला पुढे झाला होता. मागे घेतला. आपल्या घरात पोट भरलं म्हणणारी ही पहिलीच मुलगी असेल.

तुला मात्र ते कधी म्हणता आलं नाही, ताई. त्याचं दुःख कुठे ठेवू, मला कळत नाही.

एक शब्द देते. भाऊजींना मी गाठून सांगणार आहे की आता उठून जायचं नाही, ती विचारेल ते सांगायचं. आईला सांगेन, आत्याला पुन्हा सांगेन, वरोरला आणि तलासरीला जो कोणी तुझं नाव काढून चुकचुकेल त्याला सांगेन की तू कशानं गेलीस. मी आहे तोवर तुझ्या मरणाचं कारण कोणी तुझ्या लेकीच्या अंगावर शोधणार नाही.

तुझ्यामागून धापा टाकत येणारी,
निमा