चौथ्या प्लगवरची चिठ्ठी

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. तीन आठवडे बॉनेटमध्ये डोकं घातल्यापासून कंबर सरळ व्हायला तयार नाही.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल आहेत. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही मोठ्या मनाने दिलेली जुनी पिकअपही तुमची आठवण काढत असते, विशेषतः चढावर.

सपाटीला गाडी अगदी गुणाची. पण चढ लागला आणि मागे वजन असलं, की मिसिंग मारायला लागते. म्हणजे चार सिलिंडरांपैकी एक पेटायचाच राहून जातो आणि उरलेले तीन कुरकुरत ओझं ओढतात. (एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.) आता सुताराची सगळी गिऱ्हाइकं काही सपाटीला राहत नाहीत. यंदा शाळेच्या चाळीस बाकांचं काम मिळालं आणि शाळा नेमकी टेकडीवर. सोमवारी शाळा उघडणार, त्याआधी बाक पोचले नाहीत तर काम दुसऱ्याला देईन, हे मुख्याध्यापिका बाईंनी मला समोर उभं करून सांगितलं होतं. पहिल्याच खेपेला अर्ध्या चढावर गाडीने असे झटके दिले की दोन बाक खाली उतरून आपापल्या चार पायांवर परत निघाले.

तेव्हा मी तुम्हाला फोन केला. इंजिनाचा आवाज तुम्ही फोनवर नीट ऐकून घेतलात (तो मी तोंडाने काढला होता) आणि निदान केलंत, की गाडीत दोष नाही, चालवणाऱ्यात आहे. दादा, तुमचा शब्द म्हणजे तुमच्या घरच्या मंडळींना ब्रह्मवाक्य. त्या दिवसापासून तुमची बहीण शेजारी बसून माझ्या प्रत्येक गिअरला उसासा टाकायला लागली. अकरा वर्षं कुणाला ओरखडाही न काढता गाडी चालवणारा मी, पण चढ दिसला की आधी तिच्या तोंडाकडे बघायला लागलो. खोटं कशाला बोलू, फार लागलं ते.

पुढे गाडी उभ्या उभ्याही मिसिंग मारायला लागली, म्हणून गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांची पद्धत साधी. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. काढल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर कामाचा, आणि काहीच फरक पडला नाही तर तो आधीपासूनच बसून खात होता. (ही तपासणी कचेऱ्यांतून का करत नाहीत, देव जाणे.) पहिली वायर काढली, इंजिन अडखळलं. दुसरी, तिसरी, तसंच. चौथीला मात्र तुमचा पुठ्ठा बांधलेला. लाल शाई, ठसठशीत अक्षर: 'याला हात लावू नये.' काकांनी हात मागे घेतला. एवढा जाणता माणूस लिहितोय म्हणजे काहीतरी कारण असणारच, असं म्हणून त्यांनी कार्ब्युरेटर उघडला. मग गाडी वायरिंगवाल्याकडे गेली. त्याने कॉइल बदलली, डिस्ट्रिब्युटरचं झाकण बदललं, आणि चौथ्या प्लगपाशी येऊन नुसते हात जोडले. शेजारचे निवृत्त साहेबही डोकावून गेले. सूचनेवर सही नाही, तारीख नाही, तरी पाळलेली बरी, असा त्यांचा अभिप्राय पडला. शेवटी सर्वानुमते ठरलं की तीन उत्तम आहेत, त्याअर्थी चौथाही उत्तमच असणार. शितावरून भाताची परीक्षा. (आणि मी? मी रोज त्या पुठ्ठ्यावरची धूळ पुसत होतो.)

शनिवार उजाडला आणि बाक दारातच. तुमची बहीण बाहेर आली, बॉनेटमध्ये डोकावली आणि चिठ्ठी वाचून थांबली. लहानपणी तुम्ही रेडिओला, सायकलला, खिडकीजवळच्या खुर्चीला अशाच चिठ्ठ्या लावायचात म्हणे, आणि त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचं तिने सोडलं नव्हतं. मला रेस द्यायला बसवून तिने चौथी वायर खस्सकन उपटली. इंजिनाला पत्ताही लागला नाही. प्लग काढला, तर त्याची पांढरी चिनी माती आडवी तडकलेली आणि गोंदाने जोडलेली. तिने पुठ्ठा उलटा करून अंगठ्याने ग्रीस पुसलं. मागे, त्याच लाल शाईत, लिहिलं होतं: 'गोंद सुकेपर्यंत.'

ती बंपरवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, पण मला जरा वेळ लागला. नवा प्लग बसवला आणि संध्याकाळच्या आत चाळीसच्या चाळीस बाक वर पोचले. गाडी तुमची बहीणच चालवत होती. चढ असा घेतला की मला उसासा टाकायला जागाच मिळाली नाही.

तुमच्यावर राग मुळीच नाही. गुडघ्याला जपा, आणि त्यालाही गोंद लावू नका.

तुमचाच,
बाक पोचवून दमलेला सुतार

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. या घरात तुमच्या अक्षराशिवाय कशावर विश्वास बसत नाही. तेव्हा एका पुठ्ठ्यावर, लाल शाईत, 'दोष प्लगात होता, चालवणाऱ्यात नव्हता' एवढं लिहून पाठवा. जरा तातडीने पाठवा.

आणखी एक ता. क. तातडीचं कारण असं, की सोमवारपासून स्टिअरिंगला एक पुठ्ठा लटकतोय. 'याला हात लावू नये.' अक्षर तुमच्या बहिणीचं आहे. मी मागची बाजूही पाहिली. कोरी आहे.